सुईची खोली

४ जून

आले एकदाची दवाखान्यात. सामान लागलं, चहा झाला, खोलीही पसंत पडली. खाली तपासणी, वर पेशंटच्या खोल्या, शेवटची माझी. खिडकीची कडी उघडताना हातातच आली, ती गुपचूप परत बसवली. मी चालवायचं ते सोनोग्राफीचं यंत्र कोरं करकरीत. वॉर्डातल्या मावशींनी मला बघताच विचारलं की जेवता ना नीट, का वाऱ्याने उडायचा विचार आहे. डॉक्टर स्वतः दारापर्यंत घ्यायला आले. आवाज इतका मऊ की रागावले तरी माणसाला झोप लागावी. किडनीसाठी त्यांच्याकडे लोक लांबून येतात. आईला फोन केला तर म्हणाली, तुझ्या बाबांना असे डॉक्टर मिळायला हवे होते.

९ जून

बहुतेक पेशंट एकाच दुखण्याचे, पॉलिसिस्टिक किडनीचे. रोग आईबापांकडून रक्तातून येतो. किडनीत पाण्याच्या पिशव्या धरतात, फुगत जातात, शेवटी किडनी अंग टाकते. यंत्राच्या पडद्यावर नुसते काळे गोल, एकाला एक चिकटून. मावशी जिला सुईची खोली म्हणतात तिथे मी कुशीवर यंत्राचा प्रोब धरते, डॉक्टर पडद्याकडे बघत सुई घालून पाणी काढतात. पेशंट ‘हलकं वाटलं’ म्हणत जातो आणि पुन्हा फुगून येतो. एखादी पिशवी फार मोठी असेल, छळत असेल तर ठीक. पण शेकडो असताना, सगळ्यांनाच, सारखं? भीतभीतच विचारलं. ते हसले. झरा लागतो म्हणून विहीर उपसायची थांबते का, म्हणाले. जेवताना सुचलं, उपसताना आत घाण पडली तर?

१६ जून

आज मास्तर आले. निवृत्त शिक्षक, मागच्या वेळी माझ्या अक्षराला दहापैकी सहा देऊन गेले होते. आज बायकोने धरून आणलं. अंगात हुडहुडी, दात वाजत होते. पडद्यावरचे काळे गोल राखाडी झालेले, आत काहीतरी गढूळ तरंगत होतं. पू. मोठ्या हॉस्पिटलात पाठवू या, असं डॉक्टरांना हळूच म्हटलं. त्यांनी दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं, जे अशा किडनीला विषच, आणि पुन्हा सुई घातली. घामाने भिजलेल्या मास्तरांनी त्यांना हात जोडले.

आवरताना मावशींनी सुई टाकली नाही, ट्रेमधल्या पाण्यात सोडली. विचारलं तर म्हणाल्या, धुतो की. उद्याला लागते.

२० जून

मास्तर गेले. डॉक्टर म्हणाले, किडनी मुळातच सडकी होती.

यंत्र तपासतेय असं स्वतःलाच सांगत प्रोब माझ्या कुशीला लावला. काळे गोल. लहान आहेत, थोडे आहेत. पण आहेत. आईला फोन करून विचारलं, बाबांना नक्की काय झालं होतं. आधी म्हणाली, आता कशाला ते. मग म्हणाली, हेच. तुझं लग्न अडेल म्हणून कुणी बोललो नाही.

फोन ठेवून वळले तर मागे डॉक्टर. कधीपासून उभे होते, देव जाणे.

२४ जून

मास्तरांची बायको आली. वाटलं, जाब विचारेल. ती आभार मानायला आली होती. बरोबर मुलगी, कॉलेजात जाणारी. हिच्यातही असेल तर वेळेवर मोकळं करा, म्हणाली. मुलीला काही दुखत नाही, पिशव्या अगदी बारीक. तरी डॉक्टरांनी सुईसाठी सोमवार दिला. जिन्यात गाठून मुलीला सांगितलं, इथे पाऊल टाकू नकोस, मोठ्या हॉस्पिटलात दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे.

२५ जून

त्या आईने सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं.

दादाला फोन केला, न्यायला येतोय. बॅग भरत होते तेवढ्यात डॉक्टर आणि मावशी आत आले. म्हणाले, तुझ्या आईशी बोललोय, तुला सुई घालायला बिचारी रडत हो म्हणाली. मी नको म्हटलं. मावशींनी खांदे धरले. दंडात काहीतरी— आता जेमतेम लिहितेय— अक्षरं—

तारीख माहीत नाही

कुशीला पट्टी आहे.

मला सुईच्या खोलीशेजारी ठेवलंय. मध्ये फक्त कापडी पडदा. फोन नाही. थंडी वाजतेय. दोन पांघरुणं, तरी—

दादा येऊन गेला म्हणे. तू झोपली होतीस, मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. त्यांच्या पाया पडून गेला.

सोमवार असावा

जिन्यात बायकी आवाज. मास्तरांची बायको. मुलगीही— आलीच ती.

मावशी बाहेर गेल्या तेव्हा भिंत धरत गेले. प्रोब काढून आणला. पांघरुणात आहे, पोटाशी. प्रोब नाही तर यंत्राचा पडदा काळा. पडदा काळा तर सुई नाही. एवढं तरी—

शोधताहेत. मावशी म्हणतात, इथेच होता. मुलीची आई म्हणते, मग उद्या येऊ का.

थांबले. डॉक्टरांचे हात थांबले. जा म्हणतील आता—

हसले. म्हणाले, असू दे. हाताला जागा पाठ आहे. कुशीवर हो बाळ, हलू नकोस, श्वास—

मी ओरडतेय. आवाज फुटत ना—