तिसावं नाव

वडीगोद्री,
१४ जून १९७१

ती. तातेरावदादास,
सत्यशीलाचा जय भीम वि. वि.

दादा, लई घोटाळा झाला. गावात नवीन आर्ट्‌स कॉलेज निघून राह्यलं. शाळेच्याच इमारतीत सकाळी सात ते दहा वर्ग भरणार अन् रखमाजी सर प्राचार्य होणार. निदान तीस नावं पाहिजेत, म्हणून सर घरोघर फिरून राह्यलेत. परवा आपल्याकडं आल्ते. बाबांनी चहा पाजला अन् माझा शाळा सोडल्याचा असल दाखला त्यांच्या हातात देऊन टाकला! मला विचारलंसुद्धा न्हाई. म्हणं, एका मास्तरनं दुसऱ्या मास्तरला रिकाम्या हातानं कसं पाठवावं.

मला सायन्सच करायचंय, हे घरात कुणाला ठाऊक न्हाई? दोन दिवस मी बाबांशी अबोला धरलाय. जल्दी काही कर.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
सत्यशीला

औरंगाबाद,
१८ जून १९७१

चि. सत्यशीलास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी सध्या दिवसभर अर्जच मोजून राह्यलो. सायन्सच्या ऐंशी जागा अन् अर्ज तीनशेवर. तीन वर्षांमागं आम्ही पोरं शोधत होतो, आता ज्याला त्याला डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचंय. बी.ए. झालेले माझे दोन दोस्त मात्र नोकरीसाठी चपला झिजवून राह्यलेत.

तुझं नाव यादीत लागलं. पण असल दाखला अठ्ठावीस तारखेच्या आत इथं पाहिजे, नक्कल बिलकुल चालत न्हाई. बाबांशी नीट बोल. फुगून बसल्यानं दाखला परत येत न्हाई, येडे.

तुझ्या यशाची घाई झालेला,
दादा

वडीगोद्री,
२२ जून १९७१

ती. दादास, जय भीम.

बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत राह्यले. पण सरांकडं नावं बराबर तीसच झालीत. माझं काढलं तर वर्गच निघत न्हाई. माझ्या वर्गातल्या शिवकन्याचं नावबी त्यात हाय; तिला घरचे गावाबाहेर पाठवत न्हाईत. ती काल रडत आल्ती. म्हणाली, तू गेलीस तर माझं शिक्षण इथंच संपलं.

दादा, मला जायचंय. तिचं तोंड पाह्यलं की माझीच मला लाज वाटते, अन् तरी जायचंय. मी काय करू, सांग.

तुझी,
सत्यशीला

वडीगोद्री,
२४ जून १९७१

चि. तातेरावास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सत्यशीला सव्वीस तारखेच्या सकाळच्या एस.टी.नं निघते. दाखला तिच्याजवळ आहे. स्टँडवर वेळेवर ये.

चूक माझी होती. पोरीचा कागद मी माझा समजून देऊन टाकला. तो मागायला गेलो तर सरांनी यादीच पुढं ठेवली. घरी आलो, पेटी उघडली अन् माझा निजामाच्या वेळचा मॅट्रिकचा कागद नेऊन दिला. सगळा उर्दूत. रखमाजींनी तो दोनदा वाचला अन् गुपचूप तिसावं नाव बदललं. माझी शाळा अकराला भरते, तोवर मी शिवकन्याच्या वर्गात. त्रेचाळीस वर्षांचा विद्यार्थी पाहून पोरं हसतील. हसू दे.

सत्यशीलाला सांगितलं तेव्हा माझा अर्ज तिनंच भरायला घेतला. प्रत्येक विषय मला विचारून लिहिला.

या नव्या विद्यार्थ्यावर दोघांचा लोभ राहू द्या.

तुझा बाप,
पुंजाराम