वरणातली पुडी

१७ जानेवारी
अविनाशला आज कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकातून दोघांनी उचलून आणला. "वहिनी, सांभाळा बाप्पा याले!" सांभाळा म्हणे! लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय? शपथा झाल्या, माळ घालून झाली. बुलढाण्याच्या डॉक्टरकडे तर मी एकटीच जाऊन आले. ते म्हणाले, त्यालाच घेऊन या. न सांगता दारू सोडवायचं औषध दिलंत आणि वरून तो प्यायला, तर जिवावर बेतेल.
तो आणि डॉक्टरकडे येणार! कंटाळले मी. खरंच कंटाळले.

२१ जानेवारी
आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. सासूबाई विधवा, म्हणून दरवर्षीसारख्या आतल्या खोलीत, दाराआड. मला दरवर्षी वाईट वाटतं आणि दरवर्षी मी गप्प बसते.
तिळगूळ राहिला बाजूला, बायकांचं बोलणं सगळं बाटलीवर. कुणाचा नवरा, कुणाचा दीर. एकीचा मुलगा तर कॉलेजात जाऊन गोळ्या खायला शिकला. गल्लीत एक घर सुटलेलं नाही. शेजारच्या केसरबाई कानाशी आल्या — "बाजारात पुडी भेटते. रोज चिमूटभर वरणात टाक. त्याले सांगू नको." त्यांचं कानातलं बोलणं म्हणजे चौकापर्यंत ऐकू जातं!
डॉक्टरांचं आठवलं. पण डॉक्टर काय इथे ओकाऱ्या काढायला येणार आहेत?

२७ जानेवारी
टाकली. वरण दोनदा ढवळलं.

४ फेब्रुवारी
प्यायला आणि भडाभडा ओकला. तोंड लालबुंद. "माल खराब असंन," म्हणाला. मी फडकं घेऊन पुसत होते आणि मनातून खूश होते. लाज वाटते लिहायला.

१२ फेब्रुवारी
बाटलीला हात नाही! दिवस मावळायच्या आत घरी. आईसाठी पेरू आणले. "सुचिता, मीच सोडली, पाह्य. मनावर घेतलं तं होते!" छाती काढून सांगत होता. मी म्हटलं, हो तर.
सासूबाई खुलल्यात. त्याचा चहा स्वतः करतात, कपाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मायलेक आज चक्क हसत होते.

२० फेब्रुवारी
मित्राच्या हळदीत पाजली मेल्यांनी. "एका घोटानं काय होते बे!" घरी आणला तेव्हा धड श्वास घेता येत नव्हता. अकोल्याला हलवलं.
डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू होतं का? मी आणि सासूबाई एकदमच म्हणालो — नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. पोलीस, भावकी, सगळं डोळ्यांपुढे आलं. सासूबाईंची मान खाली. म्हटलं, बिचाऱ्या घाबरल्यात.
सकाळी सांगते. नक्की सांगते.

२१ फेब्रुवारी
पहाटेच गेला.

२४ फेब्रुवारी
राख सावडून आले सगळे. आता मलाही आतल्या खोलीत बसवलंय, सासूबाईंच्या शेजारी. दार लोटलं तशी त्यांनी माझा हात धरला. "माह्या हातानं गेला वं माहा लेक. केसरबाईचं दाराआडून आयकलं अन् बाजारातून पुडी मागवली. रोज चाहात टाकत होती मी."
मी म्हटलं, आई, मी वरणात.