बाबांची छोटी जाहिरात

९ जानेवारी २००६, सोमवार

बाबा आज आमच्या काउंटरवर आले. गिऱ्हाईक म्हणून!

मी मान खाली घालून एका गादीवाल्याचा मजकूर लिहीत होते. "पुढचे" म्हटलं, वर बघितलं तर बाबा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं घरी काहीतरी झालं. तर म्हणाले, "जाहिरात द्यायची आहे. दुसरं कोणी लिहिणारं असेल तर त्यांना सांगतो."

दुसरं कोण असणार? कॅम्प चारमधल्या या गाळ्यात मी आणि चंदरशेठ, दोघंच. शेठ पेपरांसाठी छोट्या जाहिराती गोळा करतात. मराठी सगळं मी लिहिते.

"कसली जाहिरात?"

"वधू-वरची."

मला रागच आला. एकतीस वर्षांची मुलगी, नोकरी करते, आणि बाप असा बाहेरच्यासारखा लाइनीत उभा राहून तिच्यासाठी स्थळ बघतो. म्हटलं, "बाबा, मला आत्ता नको, सांगितलंय ना?"

"तुझी नाही," ते म्हणाले. "माझी."

मागे एक बाई नाव बदलल्याची जाहिरात घेऊन उभी होती. मी बाबांना म्हटलं, घरी बोलू. ते म्हणाले, "घरी बोलता येत नाही म्हणून तर इथं आलो."

१० जानेवारी

काल रात्री बाबा आणि मी जेवायला बसलो. भाजी छान झालीय, एवढंच ते म्हणाले. छान झाली नव्हती.

आईच्या फोटोकडे दोघांनीही बघायचं टाळलं. यशोधरा जयदेव रोकडे. जुलैमध्ये पाच वर्षं होतील.

११ जानेवारी

चंदरशेठना सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत. काच पुसत म्हणाले, "तो क्या हुआ? आदमी है. लिख दे."

"शेठ, माझे बाबा आहेत ते."

"इसीलिए बोलता हूँ, अच्छा लिख."

या माणसाने मला लिहायला शिकवलं. मी आले तेव्हा बी.ए. मराठी होते आणि सोफासेटच्या जाहिरातीत 'मनमोहक' लिहायचे. शेठ तो शब्द खोडायचे. विचारायचे, "मनमोहक म्हणजे काय? त्यावर बसलं की पाठ दुखते की नाही? ते लिही." गिऱ्हाइकाला तुमच्या मालाचं काही पडलेलं नाही, त्याला त्याच्या पाठीचं पडलंय. बस, हेच. बाकी सगळं मी त्यातूनच शिकले. शिरगावच्या बिल्डरचे फ्लॅट असोत की शिवणक्लास, वाचणाऱ्याचं दुखतं कुठे ते आधी शोधायचं.

पण बाबांची जाहिरात वाचणारी कोण? तिचं काय दुखत असेल? मला एक ओळ सुचली नाही.

१३ जानेवारी

लिहिलं शेवटी. 'बौद्ध, ५९, विधुर, निवृत्त, निर्व्यसनी, सुस्वभावी, अंबरनाथमध्ये स्वतःचे घर. अनुरूप जोडीदार हवी.'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. मग म्हणाले, "चांगला माणूस आहे. पण माझ्या ओळखीचा नाही."

१५ जानेवारी, रविवार

जिन्यातली नोटीस आज मी नवी लावली. चाळीतले लोक कोपऱ्यात थुंकतात. कमिटीने 'थुंकण्यास सक्त मनाई, दंड होईल' असं लावलं होतं, त्याच्यावरच थुंकलेलं. मी लिहिलं – 'हा कोपरा रोज सकाळी राजाबाई हाताने धुतात.' राजाबाई तळमजल्याच्या, सगळ्यांच्या लाडक्या. बघू काय होतं.

बाबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अक्षर उजवीकडे कलतंय तुझं."

त्यांचं अक्षर! कंपनीच्या गेटवरचा फळा त्यांच्याकडे होता. रोज पहिल्या पाळीआधी ते सुविचार नाहीतर सुरक्षेची सूचना लिहायचे. रंगीत खडू आमच्या घरी असायचे. धाकटा भाऊ विक्रांत आणि मी तुकडे पळवायचो. आणि मजकूर ठरायचा ओट्याजवळ, आई पोळ्या लाटत असताना. बाबा म्हणायचे, "मशीन चालू असताना हात घालू नये." आई म्हणायची, "हे काय लिहिणं झालं? लिहा, हात दोनच आहेत." दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच. लोक उभे राहून वाचायचे. बाबा कुणाला सांगायचे नाहीत की हे बायकोचं आहे. आणि आई कधी गेटपर्यंत बघायला गेली नाही. आज पहिल्यांदा वाटलं, खरी जाहिरात लिहिणारी ती होती.

कंपनी बंद पडली, गेट गंजलं. फळ्याचं काय झालं कोण जाणे.

१७ जानेवारी

आज त्यांना गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं. वही पेन घेऊन, समोर बसून. "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "संध्याकाळी बोलायला. तू येतेस ती दमून येतेस. तुला बोलायला लावणं बरं वाटत नाही."

"आणखी?"

"आणखी काही नाही. स्वयंपाक येतो मला. चहा तर मीच करतो. फक्त अजूनही दोन कप ठेवतो. मग आठवतं."

मला हे माहीत नव्हतं. मी दुकानात असते ना त्या वेळी.

मी वही मिटून आत गेले. तोंड धुतलं. परत येऊन लिहिलं – 'बौद्ध, ५९, विधुर, निवृत्त कामगार, अंबरनाथ. चहा स्वतः करतो. दोन कप ठेवायची सवय अजून गेलेली नाही. संध्याकाळी बोलायला सोबत हवी.'

बाबा म्हणाले, "हं."

१८ जानेवारी

शेठनी वाचलं. एकेक शब्द मोजणारा माणूस, वाटलं निम्मं खोडेल. म्हणाले, "एक भी मत काट."

२२ जानेवारी, रविवार

छापून आली. नाव नाही, पत्रांसाठी फक्त पेटी क्रमांक.

दुपारीच विक्रांतचा फोन. बायको शलाकाबरोबर विठ्ठलवाडीला राहतो, पेपर वाचतो, हे मी विसरलेच होते. हॅलो नाही काही नाही. "हे बाबा आहेत ना?"

"कशावरून?"

"दोन कप, मैत्रेयी. मला कळत नाही का?" मग आवाज चढला. आईला जाऊन किती दिवस झाले? शलाकाच्या माहेरी काय सांगू? या वयात? आणि तू लिहून दिलंस? आईचं घरातलं तू पेपरात छापलंस?

फोन त्यानेच ठेवला.

२३ जानेवारी

जिना स्वच्छ.

४ फेब्रुवारी

पेपरच्या ऑफिसातून पाकीट आलं. पत्रं वाटली होती त्याहून जास्त. काही मुलांनी आपापल्या आईसाठी लिहिलेली. एका बाईंनी नुसता बायोडाटा पाठवलाय, टाइप केलेला. एक आंतरदेशीय, निळ्या शाईत – 'मी द्रौपदी. बदलापूर, शिरगावला एकटी राहते. बालवाडीत शिकवत होते. मुलं नाहीत. मिस्टर विठ्ठलवाडी डेपोत ड्रायव्हर होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला चहा चालत नाही, कॉफी लागते. ही अडचण असल्यास कळवावे.'

बाबा एकदम हसले. मोठ्याने! हा आवाज घरात किती दिवसांनी.

१२ फेब्रुवारी, रविवार

द्रौपदीबाई येऊन गेल्या. उंच, सावळ्या, पांढरे केस न लपवता बांधलेले. आल्या आल्या चपला कुठं काढू विचारलं, मग थेट आईच्या फोटोपुढे जाऊन हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं.

"जाहिरात कुणी लिहिली?" त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाकी सगळे निर्व्यसनी होते," त्या म्हणाल्या. "वाचून वाचून कंटाळा आला. ह्यांनी सवय आहे म्हणून कबूल केलं, ते बरं वाटलं."

मी कॉफी केली. दोघं बोलत बसले. बालवाडीतली पोरं, कंपनीतले साहेब, जुन्या बदलापुरात काय स्वस्त होतं. मला वाटलं होतं, आतून कुठंतरी टोचेल. टोचलंच. पण आईला यांचं बोलणं आवडलं असतं, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. मी आपली भांडी घासत राहिले.

२० फेब्रुवारी

विक्रांतला पत्र लिहिलं. फोनवर तो बोलू देत नाही. चार पानं. सगळी विद्या वापरली. सुरुवात आमच्या लहानपणीची, खडूची, म्हणजे मन मऊ होईल. मग बाबांचं एकटेपण. मग हळूच, शलाकालाही पुढे बाबांचं करायला सोपं जाईल. शेवटी आईचं नाव. पोस्टात टाकताना मी स्वतःवर खूश होते.

२८ फेब्रुवारी

उत्तर नाही.

५ मार्च, रविवार

विठ्ठलवाडीला गेले. शलाकाने पोहे दिले आणि आत निघून गेली. विक्रांतने पत्र आणून टेबलावर ठेवलं. घडीच्या रेषा मऊ झालेल्या. पुष्कळदा वाचलं असणार.

"छान लिहितेस," तो म्हणाला. "मी वाचता वाचता तयारच झालो होतो. मग माझ्या लक्षात आलं, हे तू गादी विकतेस तसं लिहिलंयस. आधी दुखतंय कुठं ते शोधायचं, मग तिथं दाबायचं."

"तसं नाही."

"तसंच आहे. खडूचं कशाला लिहिलंस? मला रडवायला ना? मग रडलो की मी. पण मला वळवू नकोस, ताई. मला आई आठवते, एवढंच आहे. ते बरोबर की चूक, मला ठरवायचं नाही."

लहानपणानंतर त्याने आज ताई म्हटलं. बोलण्यासारखी सगळी वाक्यं पत्रातलीच होती.

निघताना एवढंच म्हटलं, "मलाही आठवते." तो दारापर्यंत आला. पुढे नाही.

६ मार्च

शेठना सांगितलं. म्हणाले, त्यांचे वडील सिंधमधून आले तेव्हा इथल्या निर्वासितांच्या छावणीत, म्हणजे आजच्या कॅम्पात, पत्रं लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे यायचे. सरकारला लिहायचं असेल तर ते खूप सजवून लिहायचे. "लेकिन अपने भाई को लिखते थे ना, तो बस – तबियत ठीक है, तू कैसा है."

मग दिवसभर एका फ्रिजवाल्याचा मजकूर लिहीत बसले. एक विशेषण लिहवेना.

२६ मार्च

बाबा आता रविवारी शिरगावला जातात, नाहीतर द्रौपदीबाई इकडे येतात. आज फोटोचा विषय निघाला. बाबा चाचरत म्हणाले, "यशोधराचा फोटो... तुम्हाला चालत नसेल तर आत..."

"आत कशाला?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी आमच्या ह्यांचा आणणार आहे. समोरासमोर लावू. दोघांनाही सोबत होईल."

बाबांनी आजच खिळा ठोकला. भिंत थोडी फुटली.

२ एप्रिल

तारीख ठरली. २३ एप्रिल, रविवार, इथल्या विहारात. त्रिशरण, पंचशील, पेढे, झालं. पत्रिका नकोत असं बाबा म्हणाले. द्रौपदीबाई म्हणाल्या, "चार ओळी तरी हव्यात, मी आधीच्या लग्नात पत्रिका बघितलीच नव्हती." बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून झेरॉक्स काढली. अजून तेच अक्षर, सरळ, एकाही ठिकाणी न कललेलं.

विक्रांतला मी काही लिहिलं नाही. बाबांनीच एक प्रत पाठवली. वर फक्त 'चि. विक्रांत व सौ. शलाका'.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. बाबा पांढऱ्या शर्टात, द्रौपदीबाई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. मिरवणुकीत बरोबर चालत होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. लोक बघत होते. जुन्या कंपनीतले एक काका थांबवून म्हणाले, "काय जयदेव, फळा पुन्हा सुरू का?" बाबा लाजले. मी कधी लाजताना बघितलं नव्हतं त्यांना. आईने बघितलं असेल.

घरी येऊन पाय शेकत बसले. म्हणाले, "मैत्रेयी, छान लिहिलंस हो तू." एवढ्या दिवसांनी.

विक्रांत येणार नाही. शलाकाचा फोन होता.

२० एप्रिल, गुरुवार

बाबा गेले. मंगळवारी पहाटे, झोपेतच. लग्न पाच दिवसांवर होतं.

विक्रांत दोन दिवस घरीच आहे. द्रौपदीबाईही येऊन बसतात. भिंतीकडेच्या खुर्चीत, कुणाच्या मध्ये न येता. विक्रांत त्यांच्याशी अजून बोललेला नाही.

आज विक्रांत आणि मी निधनाची जाहिरात द्यायला गाळ्यावर गेलो. शेठनी शटर अर्धं ओढून घेतलं. विक्रांत म्हणाला, "मी सांगतो, तू नुसतं लिही." मी लिहीत गेले. कालकथित जयदेव शिवराम रोकडे. जलदान विधी, वार, वेळ, विहाराचा पत्ता. शोकाकुल – मुलगा विक्रांत, सून शलाका, मुलगी मैत्रेयी.

मी पेन खाली ठेवलं.

"थांब," तो म्हणाला. "सगळ्यांच्या वर एक नाव राहिलं. पत्नी, द्रौपदी."

मी त्याच्याकडे बघितलं.

"लिही ना, ताई."