खोक्यांना ओल लागू देऊ नका

भाऊजी,

मी आठवडाभर आईकडे जातेय. यांच्या मॉडेलच्या जहाजांची तेवीसच्या तेवीस खोकी माळ्यावरून काढून कपाटात आडवी ठेवलीत. माळ्यावर टाकी पाझरते, हे तुम्हाला दहादा सांगितलं. पण माझं ऐकतो कोण! खोक्यांवर काही जड ठेवू नका.

यांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. नवं खोकं आणलं की चिकटपट्टी लावून तिच्यावर सही करायची, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. "निवृत्त झालो की जोडायला घेईन," म्हणायचे, आणि त्याआधीच गेले. सह्या सगळ्या शाबूत आहेत. पण आज एक खोकं कानाशी धरून हलवलं, तर सुटे भाग खुळखुळले नाहीत. मी पट्टी कापली. आत जहाज शिडासकट जोडलेलं होतं आणि गोंद अजून ओला होता.

मला वेड लागलेलं नाही. बाकीची खोकी मी कानाशी धरली नाहीत, तुम्हीही धरू नका. गोंदाची बाटली यांच्या टेबलावरच राहू द्या, आणि झाकण सैल ठेवा. शेवटी शेवटी यांच्या बोटांत जोर राहिला नव्हता.

वहिनी