सोडलेला प्याला

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

प्रभूमध्ये आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कोणीही नाही.

रविवारपासून माझं डोकं तापलेलं आहे. काल लाँड्रीत एका गिऱ्हाइकाचा कोट करपला, आणि तो तुझ्यामुळेच करपला असं मी मनात धरलं आहे. इतक्या वर्षांनी तू चर्चला आलास. आपल्याला मिरवायला बाप मिळाला म्हणून चिमणी सकाळपासून हवेत होती. स्वतः हाताला धरून तिने तुला पुढच्या बाकावर बसवलं. आणि तू काय केलंस? प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्याशी गेलास, भाकर घेतलीस, आणि काका प्याला घेऊन समोर आले तेव्हा त्यावर हाताचा पंजा ठेवलास. त्यांना वाटलं तुझं लक्ष नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पुढे केला. तू पुन्हा पंजा ठेवलास. सगळी मंडळी बघत होती आणि तुझी लेक बाकावर बसून बघत होती.

विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्या मंडळीत प्याला कोण सोडतो? ज्याच्या पोटात काही लपलेलं आहे तो. कोणी विचारत नाही, कोणी बोलत नाही, पण एखाद्याने प्याला सोडला की दुपारच्या जेवणापर्यंत प्रत्येकाला कारण माहीत असतं. तुझ्या बाबतीत तर कोणाला डोकंही चालवावं लागलं नाही. शिवणक्लासवाल्या बाईंनी दारातच माझा हात दाबला आणि म्हणाल्या, की त्या तुझ्यासाठी प्रार्थना करतील. मला तो हात पिरगाळावासा वाटला.

तेव्हा सरळ विचारते. पुन्हा सुरू केलंस का? फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस. लिहून कळव. तू ज्या अवस्थेत माझ्या दारात यायचास ती लादी मी पुसली आहे. चिमणीची आई गेली आणि तू पोरगी माझ्या ओटीत टाकून बाटली गाठलीस, तेव्हाही मी तोंडातून शब्द काढला नाही. आता काढते. पीत असशील तर तिच्या दृढीकरणाला पाऊल टाकू नकोस. ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार आहे आणि कठड्याशी शेजारी बाप हवा म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिच्या शेजारची ती जागा रिकामी राहिली तरी चालेल, पण नासता कामा नये.

आणि ते तुझं दारू सोडणाऱ्यांचं बारा पायऱ्यांचं मंडळ. तिथे म्हणे ‘आम्हाला समजलेला परमेश्वर’ म्हणतात. परमेश्वर काय कापडाचं ठाण आहे, ज्याने त्याने हवा तेवढा फाडून न्यायला? आपल्या प्रभूला नाव आहे. ते घ्यायला तुमच्या लोकांची जीभ का अडखळते तेही कळव.

लोभ आहे, नाहीतर एवढा कागद कशाला खर्च केला असता.

तुझी ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

प्रभूमध्ये सलाम. विनंती विशेष, तुझं पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलं. तिथे एक बरं असतं, रागावलेलं तोंड कोणाला दिसत नाही. वर आल्यावर पुन्हा वाचलं. राग तेवढाच होता.

मी पीत नाही. हे एकच वाक्य तुला हवं होतं ना? मग ते कठड्यावरून उठल्यावर चर्चच्या आवारातच विचारायचंस. तू मला विचारलं नाहीस, क्लासवाल्या बाईंचं ऐकलंस.

प्याल्यात वाइन असते, ताई. तुमच्यासाठी तो एक घोट, त्यानंतर तुम्ही घरी जाऊन जेवता. माझ्या जिभेला वेदी कळत नाही. नव्या लिफ्टचा ब्रेक नीट आहे का हे बघायला आम्ही तिच्यात माणसं भरत नाही, लोखंडी वजनं भरतो. मंडळी मला सांगते आहे, की माणूसच भर, विश्वास असला तर तुटणार नाही. माझा विश्वास आहे म्हणूनच मी असली परीक्षा घेत नाही. प्रभूलाही सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगितलं होतं. त्याने मारली नाही.

आता समजलेला परमेश्वर. माझे स्पॉन्सर, म्हणजे मंडळातले जे मला सांभाळून घेतात ते, चष्म्याच्या दुकानाचे मालक आहेत. आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. ते कुठल्याच चर्चला जात नाहीत. दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मी पहिल्यांदा कबूल केलं, तेव्हा ते म्हणाले, की आता ज्याचं चालतं त्याच्याकडे जा, तो कोण हे मी सांगणार नाही. घडीच्या खुर्च्या आणि गळका नळ असलेल्या त्या खोलीत मी गुडघे टेकले आणि तोंडातून येशूचंच नाव आलं. लहानपणापासून ते पाठ होतं, पण त्याच्याशी बोललो तिथे पहिल्यांदा. मग सांग, कोणाची जीभ अडखळली?

दृढीकरणाला मी येणार. भाकर घेईन, प्याला सोडेन. नाहीतर एका लहान पेल्यात माझ्यापुरता न आंबवलेला द्राक्षाचा रस ठेवता येतो का, तेवढं काकांना विचार. चर्चचे पंच तेच आहेत.

चिमणीला पापा. तुझा राग उतरला नसेल तर पत्र फाडून टाक, पण आधी पुरतं वाच.

तुझा धाकटा

दि. २१ फेब्रुवारी

चि. पुतण्यास,

काकांचे अनेक आशीर्वाद. तुझ्या ताईकडून तुझी मागणी कळली. लहान पेल्याची कल्पना ऐकून आश्चर्य वाटले. आपल्या मंडळीत एकच प्याला आहे. तुझ्या आजोबांनी तोच घेतला, तुझ्या वडिलांनी तोच घेतला. आज तुला वेगळा पेला दिला तर उद्या कोणी साखर कमी मागेल.

बाळ, तुला खरा धोका वाइनचा नाही, अल्पविश्वासाचा आहे. प्रभूच्या हातून मिळालेली वस्तू प्रभूच्या लेकराला कशी बाधेल? ज्याला प्रभूने सोडवले तो एका क्षणात सुटतो, त्याला पायऱ्या मोजत बसावे लागत नाही. ज्या सभेत येशूचे नाव घेण्याची सक्ती नाही, तिथून तू नुसती भीती शिकून आला आहेस. तुझे भले व्हावे म्हणूनच स्पष्ट लिहितो.

पाळकसाहेबांनी हा विषय माझ्यावर सोपवला आहे. माझा निर्णय असा, की दृढीकरणाच्या दिवशी तू मंडळीसमोर उभा राहून सुटकेची साक्ष द्यावीस आणि प्याला घ्यावास. तसे जमणार नसेल तर मुलीच्या शेजारी कठड्याशी बसण्याचा आग्रह धरू नये. मागे पुष्कळ बाक आहेत.

मी तुला अंगाखांद्यावर खेळवले आहे, तेव्हा माझ्या बोलण्याचा राग मानणार नाहीस याची खात्री आहे.

तुझे काका

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. काकांनी तुला धाडलेलं पत्र आधी मला वाचून दाखवलं, दोनदा, मधे मधे थांबून. साखरेच्या विनोदावर मी हसले नाही म्हणून ते थोडे नाराज झाले. त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. पण चिमणीने चार दिवस जेवणात लक्ष घातलेलं नाही. तिच्या पांढऱ्या झग्याला मी टीप घालते आहे आणि ती समोर बसून विचारते, की पप्पा मागच्या बाकावर बसणार का?

मला तुझाच संताप येतो. आयुष्यभर जो भेटेल त्याच्याबरोबर प्यायलास. कोणी आग्रह केला म्हणून, कोणी केला नाही म्हणून. आता पोटच्या पोरीसाठी एक घोट घेववत नाही? घेऊ नकोस हवं तर. ओठ लावल्यासारखं कर, काका प्याला पुसून पुढे नेतील. कोणाला काय कळणार आहे. कधीतरी तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला हलकं वाटू दे.

विचार करून लिही. आणि जेवत जा, त्या दिवशी गळ्याची हाडं दिसत होती.

तुझी ताई

दि. ३ मार्च

ती. ताईस,

सलाम. तू ‘ओठ लावल्यासारखं कर’ लिहिलंस म्हणून हे लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो.

मी पांढरा अंगरखा घालून वेदीवर मदतीला उभा राहायचो, आठवतं? उपासना संपली की तू मळलेली कापडं गोळा करून धुवायला घरी न्यायचीस. मी वेदीमागच्या खोलीत काकांबरोबर थांबायचो. प्याल्यात उरलेलं फेकायचं नाही, ते कोणाच्या तरी पोटातच गेलं पाहिजे, हा नियम तुलाही ठाऊक आहे. काकांना ॲसिडिटी. ते निम्मं एका पेल्यात ओतून मला द्यायचे. म्हणायचे, की ही दारू नाही, पवित्र वस्तू आहे, लेकराला कशी बाधेल. त्यांच्या पत्रात तेच शब्द पुन्हा वाचले.

प्रत्येक प्रभुभोजनाला. ताई, मी महिनाभर त्या खोलीची वाट बघायचो. प्रभूची नाही, खोलीची. पुढे पुढे तर माणसं कमी यावीत, म्हणजे जास्त उरेल, असं मनात यायचं. कठड्याशी काकांनी प्याला पुढे केला तेव्हा मला तोच वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. पंजा ठेवला नसता तर मी तो प्याला त्यांच्या हातातून ओढून घेतला असता. घोट नाही, सगळा.

हे मी चष्मेवाल्यांना सांगितलं आहे आणि देवाला सांगितलं आहे. काकांना दोष देत नाही. पुढच्या सगळ्या बाटल्या माझ्या हाताने मी उचलल्या. चौथ्या पायरीला आपल्या चुकांची झडती घ्यायची असते, काकांच्या नाही. तू मात्र त्यांना यातलं अक्षर बोलायचं नाहीस. मला भांडण नको आहे, मला शुद्धीत राहायचं आहे.

चिमणीला विचार. तिला माझी लाज वाटणार असेल तर मी मागे बसेन आणि तक्रार करणार नाही.

तुझा धाकटा

दि. ८ मार्च

प्रिय पप्पा,

सलाम. आत्याने तुमचं पत्र मला दिलं नाही, नुसतं विचारलं. दोन दिवस लाँड्रीतली दोन माणसं तिला घाबरून चहालासुद्धा जात नाहीत.

मला लाज तेव्हा वाटायची जेव्हा तुम्ही शाळेच्या फाटकाला धरून उभे असायचात आणि माझं नाव नीट घेता यायचं नाही. प्याल्यावर हात ठेवलात त्याची वाटली नाही. मला वाटलं होतं की वाटेल, पण नाही वाटली. मला राग एवढाच आला की तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत.

तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसा. डावीकडे आत्या बसणार आहे, काकाआजोबा डावीकडूनच सुरुवात करतात. कोट इकडे आल्यावर आत्याकडून इस्त्री करून घ्या, तुम्ही करू नका.

तुमची चिमणी

दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. उपासना संपताच तुला बस गाठायची होती, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते सांगते. रागावलास तर रागाव, मला सवय आहे.

तू आवारात विचारलंस, की मीसुद्धा प्याल्यावर हात का ठेवला. मी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर बंद झालं नसतं. ओळीत पहिली मीच होते. काकांच्या तोंडाचा रंग उडालेला तू पाहिलास. माझ्याबद्दल आता मंडळी काय वाटेल ते म्हणो, चोरी म्हणो, लफडं म्हणो. चिमणीने घोट घेतला, तो तिचा हक्क होता आणि तिला मीच तसं सांगितलं होतं. तिने तोंड वाकडं केलं ते बघून मला बरं वाटलं. तुझा पंजा जागचा हलला नाही. मग क्लासवाल्या बाई. त्यांना काही कळलं नव्हतं. माझी खात्री आहे की त्यांना नवा नियम आलाय असं वाटलं. त्यांनी हात ठेवला, मग त्यांच्या शेजारणीने, मग सगळ्या ओळीने. पाळकसाहेब पुस्तकात तोंड घालून उभे राहिले.

तू गेल्यावर मी कापडं गोळा करायला वेदीमागे गेले. प्याला जवळजवळ भरलेला होता. हल्ली मदतीला असतात ती दोन पोरं अंगरखे घालून भिंतीशी उभी होती. आणि धाकट्या, काकांनी दोन पेले काढून ठेवले होते. नुसत्या सवयीने. एकात ओतूनही झालं होतं.

तुझं पत्र वाचून मी जेवढी पेटले होते त्याच्या दुप्पट तिथे पेटले. दोन्ही पोरांना दंडाला धरून बाहेर नेलं, त्यांच्या आयांच्या ताब्यात दिलं आणि परत येऊन दारात उभी राहिले. ओतलेलं पेल्यातून परत प्याल्यात घातलं आणि प्याला काकांच्या हातात दिला. ते म्हणाले, की आपल्याला ॲसिडिटी आहे. मी म्हटलं, ‘काका, प्रभूची वस्तू आहे. विश्वास कमी पडतोय का?’

तुझं नाव मी घेतलं नाही. तू बोलू नकोस म्हणाला होतास, ते मी पाळलं. त्यांनी सगळा प्याला प्यायला. मधे दोनदा थांबले, मी हलले नाही. मग स्टुलावर बसले, रिकामा प्याला मांडीवर धरून. नजर भिंतीकडे गेली, जिथे पोरं उभी होती तिथे. मग मला विचारलं, ‘धाकटासुद्धा तिथेच उभा राहायचा ना गं?’

मी कापडं उचलली आणि निघाले. काकांनी तुला पत्र लिहिलं तर त्याला काय म्हणायचं ते तू ठरव. तुझ्या पायऱ्यांमध्ये क्षमेची सोय असेल, तुला ती जमलीही असेल. माझी पहिली पायरीसुद्धा झालेली नाही. रोज प्रार्थनेला बसते आणि देवाशीच भांडून उठते. तो ऐकून घेतो, एवढं मला त्याच्याबद्दल समजलं आहे.

पुढच्या महिन्यापासून द्राक्षाचा रस मी काढून नेणार आहे, एका प्याल्यात, सगळ्यांसाठी. पाळकसाहेबांना कळवलं, विचारलं नाही. आणि उपासना संपली की वेदीमागच्या खोलीच्या दारात मी खुर्ची टाकून बसणार आहे. पोरं अंगरखे माझ्याकडे देतील आणि बाहेर खेळायला जातील.

लोभ आहेच. राग त्याच्याच शेजारी राहतो, दोघांना एकच खोली.

तुझी ताई