रक्त कमी आहे

३ नोव्हेंबर, तिरुपूर
ग्वाल्हेरहून आमच्या गल्लीच्या आशा सेविका शांताताईंचा फोन. बायकोच्या, सोनलच्या, दवाखान्याच्या कार्डावर नंबर माझा आहे. मीच ऐटीत लिहायला लावला होता — घरचा कर्ता ना!
"भैया, सोनल की जाँच में सिफिलिस निकला है. जल्दी सुई लगवाओ, नहीं तो बच्चा पेट में ही जा सकता है. तुम भी लगवाना."
पाचवा महिना चालू आहे तिला. कारखान्यात मी बनियनची बाही उलटी शिवली.
रोग कुठून आला हे विचारायला नको. आरसा आहे खोलीत.

४ नोव्हेंबर
घरी फोन केला. घरात फोन एकच, आईचा, तोही स्पीकरवर. बाजूला काकू. म्हणालो, "सोनलला रक्त कमी आहे. सुई लावून आण."
वा रे मराठा! दसऱ्याला तलवार पूजतो, आणि तोंडातून निघालं काय — रक्त कमी!

९ नोव्हेंबर
मी सुई घेतली. दोन्ही बाजूंना एकेक. काम दिवसभर बसून शिवायचं! उभा राहून शिवलं. सगळे हसले.

१४ नोव्हेंबर
"सुई झाली का?"
आई म्हणे, "सुई कशाला? रोज बीट देतेय, खजूर देतेय. गाल बघ कसे लाल झालेत तिचे!"
मागून सोनल ओरडली, "गाल नाही हो, जीभ लाल झाली!"
मी हसलो. गधा! फोन ठेवला. दहा दिवस माझं खोटं ती चावून चावून खातेय.
रिझर्वेशन नाही. जनरलने निघतो.

१७ नोव्हेंबर, ग्वाल्हेर
खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घरी पोचलो तेव्हा आई बीटच किसत होती. गाडीत मोठं भाषण पाठ केलं होतं. ऐनवेळी रोगाचं नाव घेतलं आणि एवढंच निघालं, तेही हिंदीत — "ग़लती मेरी है."
सोनलने चप्पल उचलली. मी गाल पुढे केला.
तिने ती पायात घातली. म्हणाली, "चला. दवाखाना बंद होईल."
पूर्ण रस्ता मी तिच्या मागे. पहिली सुई झाली, अजून दोन आहेत. नर्स म्हणाली, बाळाचे ठोके आहेत.

१८ नोव्हेंबर
आईने उरलेलं बीट गल्लीतल्या गायीला घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्याआधीचे दोन पोटातच गेले. तेव्हा तुझे बाबा पण बाहेरगावी कामाला होते. मलाही बीटच दिलं होतं रे."