आडवं चालायचं

३ नोव्हेंबर
पोहोचलो. पेटी, तिपाई, कोनमापक आणि धाकटा, सगळं शाबूत. गावाचे जुने नकाशे तपासून नवे करायचे, चार महिन्यांचं काम. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याच्या बाजूला लांबलचक गॅलरी, भरपूर उजेड. खाली घरमालकीण राहतात. मला काकूच म्हणायचं, असं त्यांनी पहिल्याच मिनिटाला बजावलं. धाकट्याला मी जवळजवळ ओढूनच आणलं. त्याचं दुकान बंद पडल्यापासून तो आईकडे नुसता भिंतीकडे बघत बसायचा. आज मात्र त्याने काकूंसमोर मला ‘फूटपट्टी’ म्हटलं, लहानपणी ठेवलेलं नाव. राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
इथे प्रत्येकाच्या खिशात तळहाताएवढा रेडिओ असतो. पोस्टमनच्या, भाजीवालीच्या, शाळेतल्या बाईंच्याही. सगळ्यांचा काटा डावीकडे अगदी टोकाला, जिथे एकही केंद्र लागत नाही. ओल्या फडक्याने कुणी लाकूड पुसत राहावं तसा आवाज तेवढा येतो. मधेच माणूस थांबतो, रेडिओची अरुंद बाजू पुढे धरून जागच्या जागी एक गिरकी घेतो आणि भलतीकडेच चालू लागतो. न्हाव्याने तर अर्धी दाढी तशीच ठेवून मला खुर्चीसकट बाजूला सरकवलं. धाकटा म्हणाला, दादा, हे गाव नाही, भोवऱ्यांचं दुकान आहे.
काकूंनी आम्हालाही एकेक रेडिओ दिला. आवाज येतोय तोवर खुशाल चालावं. एका दिशेला तो मेला, की आडवं चालायचं, पुढेही नाही आणि मागेही नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही विस्तवापासून हात मागे घेण्याआधी का म्हणून विचारता का?

९ नोव्हेंबर
रेडिओ उघडून पाहिला. आत तांब्याची तार गुंडाळलेली काळी कांडी. आवाज जिथून येतो तिकडे कांडीचं टोक रोखलं की तो मरतो. कॉलेजात शिकलेलं एवढं अजून लक्षात आहे. म्हणजे मुकी दिशा ही एक रेषा, आणि त्या रेषेवर कुठेतरी ते, ज्याला सगळं गाव चुकवतं. पुढे की मागे, हे एका रेडिओवरून कळत नाही. दोन जागांवरून रेषा काढल्या तर जिथे छेदतील तिथे ते सापडेल. इतकी सोपी गोष्ट गावात कुणी केली नाही, याचं नवल वाटतं. उद्या सुट्टी आहे.

१० नोव्हेंबर
मी गॅलरीत, धाकटा पाण्याच्या टाकीवर. बरोबर अकराला दोघांनी कोन घेतले. किती दिवसांनी तो हसत काम करत होता. छेद आला नदीपलीकडच्या माळावर. तिथे काहीच नाही. बाराला पुन्हा घेतले, छेद नदीच्या अलीकडे. एकला बाजारात. माझीच चूक असेल. पण माझ्या चुका अर्ध्या अंशाच्या असतात, अर्ध्या कोसाच्या नाहीत.
काकूंना नकाशा दाखवला. त्यांनी तो पालथा केला. म्हणाल्या, अहो शहाणे, ही रेषा चुकवायची असते, तुम्ही दोघांनी तिला गाठ मारलीत. गाठ मारणाऱ्यांपैकी एकाला ते धरतं, दुसरा सुटतो. कुणाला धरलं ते कसं कळायचं, मी विचारलं. पुरतं धरलं की त्याच्या हातातला रेडिओ चारही दिशांना मुका होतो, म्हणाल्या. मग दार लावून घेतलं.

१२ नोव्हेंबर
आता छेद येत नाही. दोन्ही रेषा एकच झाल्या आहेत. माझ्या रेडिओची मुकी दिशा धाकट्याकडे. तो गॅलरीत असला तरी त्याच्याकडे, जिन्यात असला तरी त्याच्याकडे. त्याला सांगितलं नाही. त्याच्याकडे पाठ करून जेवलो. मी त्याला इथे आणलं, आणि आता त्याच्याकडे पाठ करतो.
दुपारी वळलो तर त्याच्या हातात रेडिओ होता. माझ्यावर रोखलेला. त्याने घाईने खिशात घातला.

१३ नोव्हेंबर
रेषेला टोकं दोन. तो, नाहीतर मी. त्याचा हात गार लागला. माझाही असेल, आपला आपल्याला कळत नाही. तो म्हणाला, फूटपट्टी, तू हल्ली पापण्या मिटत नाहीस. आरशात पाहिलं. पण पाहताना माणूस मुद्दाम मिटतो, त्यावरून काही ठरत नाही.
तिसरा कोन हवा होता. काकूंना हात जोडले. त्या रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या, मी गॅलरीच्या या टोकाला, तो त्या टोकाला. त्यांनी सावकाश गिरकी घेतली आणि थांबल्या. कुणाकडे, ते नीट दिसलं नाही— नाही. लिहायचं तर खरं लिहावं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्या आडव्या चालत निघून गेल्या होत्या.

१४ नोव्हेंबर
त्याला सकाळच्या बसने आईकडे पाठवतोय. तो तयार नाही. तुला एकट्याला टाकून जाऊ का, म्हणतो.
त्याच्यात असेल, तर मी ते आईच्या दारात पाठवतोय. माझ्यात असेल आणि त्याला ठेवून घेतलं, तर—
पाठवतो.

नंतर
बस गेली. तो खिडकीतून हात हलवत होता. वळण संपेपर्यंत.
पूर्वेला मुका. दक्षिणेला— बॅटरी काढून पाहिली, नवीच आहे. पश्चिमेला मुका. उत्तरेला—
चारही.
सुटला. तो सुटला. रडलो. आनंदाने, असं वाटतं.
काकूंना हाक मारली. म्हटलं, बाहेरून कुलूप घाला आणि मी काहीही म्हटलं तरी उघडू नका. त्यांनी घातलं. आवाज ऐकला मी.

१४, अजून
पेटी भरलेली आहे. मी भरली नाही.
पुढची बस चारला. मला कसं माहीत—

अक्षर हलतंय. रस्ता खराब आहे. कंडक्टरने तिकीट दिलं, आईच्या गावचं. मी मागितलं नव्हतं. मागितलं असेल.
कुलपाची किल्ली माझ्या मुठीत. ओली आहे. काकू—
उतरायला हवं. पाय—
धाकट्या, हाक मारली तर दार उघडू नको. मी असलो तरी. फूटपट्टी म्हणून ओळख सांगितली तरी उघडू— आईला आत ने आणि आडवं—
दिवा दिसतोय. घराचा. त्याने आधीच दार